तरुण वयात खुबा बदलला, पुढची वीस-पंचवीस वर्षं कशी जातात?

बालाघाट
मंडळी नमस्कार. आमच्या धारूर-केज पट्ट्यात विशी-तिशीतली पोरं लंगडत चालताना लई दिसायलीत आता. कुणाला कोरोनात स्टेरॉइडचे डोस बसलेले, कुणाचं दारूनं झालेलं, कुणाची गाडी घसरून मांडीचं हाड खुब्यापाशीच मोडलेलं, अन् काही माझ्यासारखे मणक्याच्या संधिवातवाले. सगळ्यांना एकच सांगितलं जातं की बाबा तू तरुण आहेस, बसवलेला नकली सांधा १०-१५ वर्षंच टिकतो, पन्नाशीपर्यंत कळ काढ. पंचविशीतल्या पोरानं पन्नाशीपर्यंत कळ काढायची म्हणजे लग्न नाही, धंदा नाही, रात्रीची झोप नाही.

माझे दोन्ही खुबे विशीतच बदललेत, त्याला दशकापेक्षा जास्त होऊन गेलं. त्याआधी खुबे इतके जाम होते की पायातला मोजा दुसऱ्या कुणीतरी चढवायचा. आज मी दुकान चालवतो, दोन लेकरं आहेत, शेतात चक्कर मारतो. आता हे सगळ्यांनाच असं लागू पडंल असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की "किती वर्षं टिकतो" एवढंच विचारून माणसं थांबतात, पण कोणता सांधा बसवला, त्याचा कागद कुठं आहे अन् दुखत नसताना एक्सरे कोण काढतंय हे कुणीच विचारत नाही. तरुण माणसाचं पुढचं सगळं ह्याच्यावर ठरतं. ज्यांचे सांधे जुने झालेत त्यांनी लिहा, ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांनी विचारा.

सिंदफणा
दादा धाग्यासाठी आभार, आमच्या घरात हेच चालू आहे सध्या. धाकटा भाऊ २७ वर्षांचा, कोरोनात ॲडमिट होता तेव्हा स्टेरॉइड दिले होते, नंतर वर्षभरानं जांघेत दुखायला लागलं, आम्ही उगं कमरेचे, नसेचे उपचार करत बसलो, मालिश केली, शेवटी एमआरआयमध्ये कळलं की उजव्या खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा गेलाय. आता एक्सरेत बॉल चपटा दिसायलाय. एक डॉक्टर म्हणतात ड्रिलिंग करू, म्हणजे हाडाला भोक पाडू, दुसरे म्हणतात बदलूनच टाका, तिसरे म्हणतात गोळ्या खा अन् थांब. आई म्हणते एवढ्या लहान वयात लोखंड नको टाकू लेकराच्या अंगात. कोणाचं ऐकावं?

ऑर्थो_घाटी
मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, पण इथं बघून उपचार सांगता येत नाहीत. ढोबळ चित्र तेवढं मांडतो. रक्तपुरवठा तुटून बॉलचं हाड मरतं, ह्या आजाराला एव्हीएन म्हणतात. बॉल गोल आहे तोवर ड्रिलिंगला अर्थ असतो, कारण हाडातला दाब कमी होतो आणि नवीन रक्तवाहिन्या यायला वाव मिळतो. एकदा बॉल खचला, चपटा झाला की ड्रिलिंगनं तो परत गोल होत नाही. त्यामुळे तीन डॉक्टरांची तीन मतं ऐकू आली तरी आधी त्यांना हे विचारा की बॉल कितपत खचलाय आणि वाटीची, म्हणजे बॉल ज्या खोबणीत फिरतो तिची, बाजू खराब झालीय का. उत्तर आलं की निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं आहे, डाव्या खुब्याचा एमआरआय झालाय का? एव्हीएन बऱ्याचदा दोन्ही बाजूंना होतो आणि दुसरी बाजू सुरुवातीला अजिबात दुखत नाही, साध्या एक्सरेतही दिसत नाही. ड्रिलिंगचा खरा फायदा त्याच बाजूला होऊ शकतो.

सिंदफणा
डाव्याचं रिपोर्टमध्ये काहीच लिहिलेलं नाही सर, फक्त उजव्याचाच काढला होता बहुतेक. बघतो फाइल.

दुधनाकाठ
मी परभणीचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी माझा डावा खुबा बदलला, तेव्हा तिशी पण गाठली नव्हती. त्यावेळचं प्लास्टिक जुन्या पद्धतीचं होतं. मला वीस वर्षं काहीही दुखलं नाही, खोटं नाही सांगत, मोंढ्यात दिवसभर उभा असायचो. त्यामुळे एक्सरे काढायला जायचं डोक्यातच यायचं नाही, पण आमचे डॉक्टर चिकट, फोन करून बोलवायचे. अशाच एका एक्सरेत त्यांनी मला वाटीच्या वर एक काळपट डाग दाखवला, साधारण सुपारीएवढा. म्हणले हे हाड खाल्लं गेलंय. प्लास्टिकचा बारीक भुगा पडतो, शरीर त्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतं अन् त्यात आजूबाजूचं हाड विरघळतं. दुखत कामून नाही, तर वाटी अन् मांडीच्या हाडात बसवलेला दांडा अजून घट्टच होते. तसंच चालू दिलं असतं तर एक दिवस वाटी हाडासकट सुटली असती.

मग लायनर, म्हणजे वाटीतलं प्लास्टिकचं अस्तर, अन् बॉल एवढंच बदललं, त्या पोकळीत हाडाचा भुगा भरला, वाटी अन् दांडा जुनेच ठेवले. मोठं ऑपरेशन टळलं. अन् हे जमलं कशामुळं तर वडलांनी जुनी फाइल ट्रंकेत जपून ठेवली होती, तिच्यात सांध्याचे स्टिकर चिकटवलेले होते, कंपनी, साइज, बॅच नंबर सगळं. त्या वाटीत त्याच कंपनीचा त्याच मापाचा लायनर बसतो, दुसरा बसत नाही. डॉक्टर म्हणले स्टिकर नसता तर चांगली घट्ट बसलेली वाटी पण कदाचित फोडून काढावी लागली असती.

बालाघाट
दुधनाकाठ भाऊ, हेच पाहिजे होतं मला ह्या धाग्यावर. सिंदफणा, ह्यांचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखव.

मांजरा_किनारी
ते १०-१५ वर्षांचं गणित आलं कुठून? मी नेटवर बघते तर कुणी ३० वर्षं म्हणतं, कुणी तर आयुष्यभर म्हणतं. लातूरला एका ठिकाणी तर रिसेप्शनवरच्या मुलीनं "लाइफटाइम गॅरंटी" असं सरळ सांगितलं आम्हाला.

ऑर्थो_घाटी
गॅरंटी हा शब्द ह्या विषयात कुणीच वापरू नये. आकडे सांगतो.

आजच्या सांध्याची सुरुवात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी केली. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती काही वर्षांतच झिजली, रुग्णांना त्रास झाला. मग १९६२ पासून पॉलिथिलीनची वाटी आणि २२ मिलिमीटरचा लहान धातूचा बॉल, सिमेंटनं बसवलेला. तो टिकला. पण तेव्हाचे रुग्ण बहुतेक वयस्कर होते, काठी घेऊन घरातल्या घरात चालणारे. तरुणांमध्ये तेच प्लास्टिक लवकर झिजायला लागलं, कारण तरुण माणूस वर्षाला लाखो पावलं जास्त टाकतो. १०-१५ वर्षांचं बोलणं त्या काळातून चालत आलंय.

२०१९ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, त्यात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदी होत्या. १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के खुबे न बदलता चालू होते. हा आकडा सगळ्या वयांचा मिळून आहे आणि जे २५ वर्षं जुने आहेत ते अर्थातच जुन्या प्लास्टिकच्या काळातले. १९९० च्या दशकाच्या शेवटी रेडिएशन देऊन पक्कं केलेलं प्लास्टिक आलं, त्याला क्रॉसलिंक्ड म्हणतात. त्याची झीज जुन्याच्या मानानं फारच कमी आहे आणि तरुण रुग्णांतही आता झिजेमुळे सांधा बदलावा लागण्याचं प्रमाण बरंच घटलेलं दिसतं.

पण नाण्याची दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. लॅन्सेटमध्येच २०१७ साली ब्रिटनचा अभ्यास आला होता. सत्तरीत खुबा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो परत बदलावा लागायची शक्यता साधारण ५ टक्के, आणि पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत तीच जवळपास ३० टक्के. पंचविशीतल्या मुलासमोर तर त्याहून मोठं आयुष्य पडलंय. त्यामुळे "आयुष्यात एकदा तरी दुरुस्ती लागू शकते" हे धरूनच पहिलं ऑपरेशन करायचं असतं. हाड वाचवायचं, शक्यतो सिमेंटशिवायचा सांधा, ज्याच्यावर हाड वाढून घट्ट धरतं, म्हणजे पुढच्या वेळी हाताशी हाड शिल्लक राहतं.

मांजरा_किनारी
एवढं नीट आम्हाला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं सर. धन्यवाद.

कळंबकर
सिरॅमिक टाकावं का मग? मेव्हण्याला सिरॅमिकचं सांगितलंय, पैसे जास्त आहेत. अन् तो टेनिसवाला अँडी मरे, त्याच्या खुब्यात धातू बसवलाय म्हणतात अन् तो परत खेळला, ते काय आहे?

ऑर्थो_घाटी
मरेचं २०१९ च्या जानेवारीत झालं, ते रिसर्फेसिंग. बॉल कापून टाकत नाहीत, घासून त्याच्यावर धातूची टोपी बसवतात. त्याच वर्षी त्यानं अँटवर्पची स्पर्धा जिंकली हे खरं. पण ते मोठ्या, भक्कम हाडाच्या पुरुषांत चांगलं चालतं. एव्हीएनमध्ये बॉलचा मोठा भाग मेलेला असेल तर टोपी बसवायला खाली पक्कं हाडच नसतं. शिवाय धातूवर धातू घासल्यानं कोबाल्ट-क्रोमियम रक्तात जातं. डिप्यू कंपनीचा एएसआर नावाचा असा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला, भारतातही तो अनेकांना बसवलेला होता आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर समिती नेमली.

सिरॅमिकचा बॉल आणि क्रॉसलिंक्ड प्लास्टिकचा लायनर ही जोडी आज तरुणांत भरपूर वापरली जाते आणि मला ती पटते. दोन्ही बाजू सिरॅमिक असतील तर झीज सगळ्यात कमी, पण काहींच्या सांध्यातून करकर आवाज येतो, आणि क्वचित सिरॅमिक फुटलं तर त्याचे कण साफ करणं फार अवघड जातं. मेव्हण्याला पैशाची ओढाताण असेल तर फक्त सिरॅमिकसाठी कर्ज काढू नका. वाटी कोणत्या कोनात बसली, ह्याचा फरक बॉल कशाचा आहे ह्यापेक्षा मोठा पडतो. जो सर्जन ही ऑपरेशनं नियमित करतो त्याच्याकडं जा.

दुधनाकाठ
शेवटच्या वाक्याला +१००

फिजिओताई_लातूर
वाचत होते, आता राहवलं नाही म्हणून लिहितेय. सांध्याच्या कंपनीवर सगळे बोलतात, पण खाली बसण्याबद्दल कुणी बोलत नाही आणि आपल्याकडं आयुष्य निम्मं जमिनीवर जातं. पंगत, सत्यनारायण, सोयाबीन निवडणं, मयतीला जाऊन बसणं. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो.

ऑपरेशन बहुतेक वेळा मागच्या बाजूनं होतं. तेव्हा सांधा निसटायची भीती असते ती गुडघा छातीकडं खूप वर आला, पाय आतल्या बाजूला आला आणि पंजा आत वळला, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तर. म्हणून उकिडवं बसणं, देशी संडास, बुटक्या पाटावर बसून वाकून कपडे धुणं, हे धोक्याचं. मांडी घालताना गुडघे बाहेर पडतात, त्यामुळे ती हालचाल तितकी वाईट नाही, बऱ्याच जणांना काही महिन्यांनी सर्जन परवानगी देतात. पण मांडी घालून बसण्यापेक्षा तिथून उठताना माणूस पुढं वाकतो आणि पाय आत घेतो, गडबड तिथं होते. मी उठायला शिकवते ते असं की आधी चांगल्या बाजूला वळायचं, हात जमिनीला, चांगल्या गुडघ्यावर यायचं, ऑपरेशनचा पाय बाजूला लांब ठेवायचा, मग खुर्चीला धरून उभं राहायचं. सर्जनला विचारल्याशिवाय हे करू नका.

आणि एसटीची पहिली पायरी. ती उंच असते, मागून लोक ढकलतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. तोंडपाठ करून ठेवा. गर्दीत विचार करायला वेळ मिळत नाही.

बालाघाट
ताई, मणक्याच्या संधिवातवाल्यांसाठी एक भर घालतो. आमची कंबर वाकतच नाही, त्यामुळं बसताना सगळं वाकणं खुब्यावरच येतं अन् सांधा निसटायचा धोका आमच्यात जास्त. माझ्या सर्जननी त्या हिशोबानं वाटीचा कोन ठरवला होता, बसून अन् उभं राहून दोन्ही एक्सरे काढले होते. शिवाय आमच्यात ऑपरेशननंतर सांध्याभोवती नको तिथं हाड वाढायची प्रवृत्ती असते, ते टाळायला काहींना ठराविक गोळ्या किंवा रेडिएशनचा एक डोस देतात. संधिवाताची इंजेक्शनं चालू असतील तर ती ऑपरेशनच्या आधी कधी बंद करायची अन् परत कधी सुरू करायची हे संधिवाताच्या डॉक्टरला विचारूनच ठरवायचं.

मांजरा_किनारी
मला एक विचारायचं आहे, थोडं संकोच वाटतोय. लहान बहिणीचं २४ व्या वर्षी झालंय, जन्मापासून खुबा निखळलेला होता तिचा. आता स्थळं बघायलोत. लोक विचारतात मूल होईल का, बाळंतपण नीट होईल का. पायही आधी आखूड होता, आता बराच बरोबर आलाय पण थोडासा फरक आहे.

ऑर्थो_घाटी
खुबा बदलल्यामुळे गर्भधारणेला काही अडचण येत नाही. नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं, अनेकींचं झालंय. प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं, म्हणजे पाय कसे आणि किती फाकवायचे ह्याची काळजी घेतात. सिझेरियन करावं लागलं तर ते इतर कारणानं, फक्त सांध्यामुळं नाही. एक बघा, तिचा सांधा धातूवर धातू असा नाही ना. ते धातूचे कण वारेतून बाळापर्यंत पोचतात, म्हणून मूल व्हायच्या वयातल्या स्त्रियांना तो टाळतात. स्टिकरवर कळेल. पायातला थोडा फरक चपलेच्या आतल्या बाजूला टाच उंच करून भागतो.

फिजिओताई_लातूर
ताई, स्थळवाल्यांना ऑपरेशन झालंय हे सांगा, पण लाजत सांगू नका. वेदना घेऊन लंगडत चालणारी मुलगी आज सरळ चालतेय, ह्यात लपवण्यासारखं काय आहे. माझ्याकडची एक मुलगी बाळंतपणानंतर लेकराला कडेवर घेऊन क्लिनिकला आली होती, तिला बघून मला जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही.

मांजरा_किनारी
डोळ्यात पाणी आलं ताई. सांगते तिला.

उसाचा_फड
आमचे लोक तोडीला जातात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. चुलत भावाचा बॉल बदललाय. मुकादम म्हणतो उचल घेतलीय तर चल. सांधा बसवल्यावर असली कामं जमतात का?

ऑर्थो_घाटी
नाही. स्पष्टच लिहितो. चालणं, सायकल, पोहणं, दुकान, गाडी चालवणं, शेतात देखरेख, सगळं जमतं. डोक्यावर ओझं घेऊन अरुंद फळीवर चढणं नाही. त्यात झीज तर होतेच, पण पडला तर दांड्याच्या भोवतीचं मांडीचं हाड मोडतं आणि ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

बालाघाट
फड भाऊ, ह्याला नुसतं नको म्हणून भागणार नाही हे मला कळतं, घर उचलीवर चालतं. सर्जनकडून "जड ओझं वर्ज्य" असं लेखी घ्या, तो कागद मुकादमासमोर ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी होते तिथं पण जाऊन या, टक्केवारीत बसलं तर काही योजना मिळतात. आमच्या भागात एकानं टोळीचा हिशोब लिहायचं काम घेतलंय. मजुरी कमी मिळते, पण पाय शाबूत आहे. अन् ऑपरेशन अजून व्हायचं असंल अशा कुणासाठी, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणत्या दवाखान्यात हे बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड अन् आधार घेऊन. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, चारही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, आधी तिथं जाऊन या अन् मगच जमीन गहाण टाकायचा विचार करा.

दुधनाकाठ
अजून एक राहिलं. इन्फेक्शन. माझ्या शेजारच्या वॉर्डात एक जण होता, सांधा चांगला चालू होता अन् पायात बाभळीचा काटा मोडला, पू झाला, अंगावर काढला. ते जंतू रक्तातून सांध्यापर्यंत गेले. आधी सांधा काढला, अँटिबायोटिकवालं सिमेंट भरून ठेवलं, मग परत नवीन बसवला. बिचारा किती महिने अडकून पडला. खुबा बदललेल्यानं गळू, किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाची जखम, काही म्हणजे काही अंगावर काढू नये. शुगर असंल तर ताब्यात ठेवायची.

ऑर्थो_घाटी
बरोबर. तंबाखू, गुटखा पण बंद, जखम भरायला अडथळा येतो. आणि एक्सरेचं, सुरुवातीच्या वर्षात सर्जन सांगेल तसं, नंतर काहीच त्रास नसला तरी दर काही वर्षांनी एकदा. जुने एक्सरे फेकायचे नाहीत, फरक शेजारी ठेवूनच कळतो.

सिंदफणा
सर, दादा, फाइल काढली. खरंच फक्त उजव्याचा एमआरआय आहे. आज भावाला विचारलं तर म्हणतो डाव्या जांघेत कधीकधी चमक मारते पण उजव्यापुढं काही वाटत नाही म्हणून बोललो नाही. सोमवारी डाव्याचा एमआरआय करायचं ठरवलंय. आईला दुधनाकाठ काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती आता नको म्हणत नाही, फक्त म्हणते त्या काकांना विचार की दुसऱ्या ऑपरेशननंतर ते बिनकाठीचं चालतात का.

दुधनाकाठ
आईला सांग बिनकाठीचं चालतो. पहिले तीन महिने वॉकर अन् काठी होती, कारण आत हाड भरलं होतं. आता रोज सकाळी वसमत रोडनं फिरायला जातो. सोमवारचा रिपोर्ट आला की इथं टाक, दोन्ही बाजूंचा, अन् उजव्याचं ऑपरेशन ठरलं तर डिस्चार्जच्या आधी स्टिकरचं पान मागून घे, फोनमध्ये फोटो काढ अन् एक झेरॉक्स आईकडं दे.

सिंदफणा
हो काका. टाकतो.